पॅराव्ह्यू: स्ट्रेस नीट बघायचा असेल तर हे फुकटचं सॉफ्टवेअर शिकाच

आधीच सांगून टाकते, पॅराव्ह्यू मला मनापासून आवडतं आणि ज्याला ज्याला एफईएचं, म्हणजे कम्प्युटरवर पार्टचे बारीक तुकडे करून जोर कुठे किती येतो ते काढायचं, काम करावं लागतं, मग तो जळगाव एमआयडीसीतला फॅब्रिकेटर असो नाहीतर शिरपूर-धुळ्याकडचा फायनल इयरचा पोरगा, त्यानं ते एकदा तरी नीट बसून शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट आहे हे तर छानच, पण मला ते आवडतं ते स्ट्रेससाठी. पार्टच्या कुठल्याही ठिकाणचा स्ट्रेस, म्हणजे आतला ताण, हा एका आकड्यात मावत नाही, सहा आकडे लागतात (तीन दिशांची ओढ-दाब आणि तीन शिअर, म्हणजे सरकवणारे जोर), आणि बहुतेक ठिकाणी आपल्याला त्या सहाचा एक करून, रंग मारून, चित्र हातात दिलं जातं. पॅराव्ह्यू सहाच्या सहा आकडे तुमच्यासमोर ठेवतं, मग त्यातून काय काढायचं ते तुमच्यावर.

मी जळगावात राहून छोट्या कारखान्यांची डिझाइन तपासायची कामं करते. जिनिंग मशीनचे पार्ट, डाळ मिलच्या फ्रेमा, ट्रॅक्टर ट्रॉलीचे हूक, ड्रिपच्या फिल्टरची बॉडी, असलं सगळं. इथले मालक लोक अनुभवी आहेत, कुठला पार्ट कुठे तुटतो हे त्यांना कम्प्युटरच्या आधी माहीत असतं, पण आता पुण्या-नाशिकची मोठी पार्टी ऑर्डर द्यायच्या आधी सिम्युलेशनचा रिपोर्ट मागते, तेव्हा प्रश्न येतो की हा रिपोर्ट बनवायचा कशात, कारण नावाजलेल्या पॅकेजचं लायसन्स घ्यायचं म्हणजे लाखांत खर्च आणि वर्षाला परत पैसे, आणि क्रॅक केलेलं वापरून पार्टीला रिपोर्ट देणं मला पटत नाही, कुणालाच पटू नये.

तर हे सॉफ्टवेअर नक्की काय आहे ते थोडक्यात. २००० साली अमेरिकेतली किटवेअर ही कंपनी आणि लॉस अलामॉस नॅशनल लॅबोरेटरी यांनी मिळून याचं काम सुरू केलं, २००२ मध्ये पहिली आवृत्ती लोकांसाठी आली, पुढे सँडिया लॅबसुद्धा त्यात आहे. सुपरकॉम्प्युटरवरचा अवाढव्य डेटा बघता यावा म्हणून बनवलेली ही गोष्ट, आतमध्ये व्हीटीके नावाची लायब्ररी आहे, आणि लायसन्स बीएसडी, म्हणजे धंद्यासाठी वापरलं तरी कुणाला एक पैसा द्यायचा नाही. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर चालतं.

एक गोष्ट पहिल्यांदाच समजून घ्या, पॅराव्ह्यू काही सोडवत नाही. मेश (पार्टचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट, आणि त्यांचे जोडबिंदू, म्हणजे नोड) बनवणार नाही, लोड लावणार नाही, उत्तर काढणार नाही. उत्तर दुसऱ्यानं काढायचं, हे फक्त दाखवणार. माझी साखळी अशी आहे की मॉडेल फ्रीकॅडमध्ये, मेश आणि लोड प्रीपोमॅक्समध्ये, सोडवायला कॅल्क्युलिक्स, मग कॅल्क्युलिक्सची एफआरडी फाइल एका छोट्या पायथन कन्व्हर्टरनं व्हीटीयू (पॅराव्ह्यू वाचतं तो प्रकार) करायची आणि ती पॅराव्ह्यूत उघडायची. सगळं फुकट. प्रीपोमॅक्समध्येही रिझल्ट बघायची सोय आहे आणि साध्या स्टीलच्या ब्रॅकेटला ती पुरतेसुद्धा, उगाच पॅराव्ह्यूचा हट्ट धरायची गरज नाही. एल्मर वापरत असाल तर तो थेट व्हीटीयूच लिहितो, मधला टप्पाच नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर बरेच जण बंद करून टाकतात. समोर रिकामी स्क्रीन, डाव्या हाताला पाइपलाइन ब्राउझर, फाइल उघडली तरी काही दिसत नाही कारण खाली अप्लाय दाबावं लागतं, प्रत्येक फिल्टरनंतर परत अप्लाय. मेनूत फिल्टरची एवढी मोठी यादी आहे की माणूस दडपून जातो. पण स्ट्रेसच्या कामाला त्यातले मोजकेच लागतात, वार्प बाय व्हेक्टर, स्लाइस, क्लिप, थ्रेशोल्ड, कॅल्क्युलेटर, प्लॉट ओव्हर लाइन आणि टेन्सर ग्लिफ. एवढे आले की काम निघतं. आणि पाइपलाइनची मजा अशी की मागचं काही पुसलं जात नाही, स्लाइसच्या खाली कॅल्क्युलेटर, त्याच्या खाली प्लॉट, मधलं कुठलंही बदला, खालचं सगळं आपोआप बदलतं.

आता मूळ विषय. वॉन मिसेस स्ट्रेस, म्हणजे त्या सहा आकड्यांचा एका सूत्रानं केलेला एक आकडा, सगळ्यांना माहीत असतो, १९१३ साली मांडलेला निकष आहे, माइल्ड स्टीलसारखा तुटायच्या आधी ताणला जाणारा (डक्टाइल) माल यील्ड कधी होईल, म्हणजे कायमचा कधी वाकेल, ते त्यावरून चांगलं कळतं. आयएस २०६२ ची ई २५० प्लेट असेल तर २५० मेगापास्कलशी तुलना करायची, झालं. पण सहा आकड्यांचा एक आकडा करताना काय जातं ते कुणी सांगत नाही. पहिलं म्हणजे चिन्ह जातं. वॉन मिसेस कायम पॉझिटिव्ह, त्यामुळे तिथे माल ओढला जातोय का दाबला जातोय हे त्या चित्रात कळायला मार्गच नाही. दुसरं म्हणजे दिशा जाते, ओढ कुठल्या बाजूनं आहे ते गेलं. आणि तिसरं, चहूबाजूंनी सारखा दाब असेल तर वॉन मिसेस शून्य दाखवतो, कितीही दाब असला तरी.

हे समजून घ्यायला भोक पाडलेली प्लेट घ्या, यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मोठी प्लेट, मध्ये गोल भोक, रुंदी भोकाच्या निदान १० पट ठेवा, दोन्ही बाजूंनी १०० मेगापास्कलनं ओढा. किर्श नावाच्या जर्मन इंजिनियरनं १८९८ मध्ये याचं हातानं उत्तर काढून ठेवलंय, भोकाच्या कडेला, ओढीच्या दिशेला काटकोनात असलेल्या दोन टोकांना तिप्पट म्हणजे ३००, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच उत्तरात दुसरी अर्धी गोष्ट आहे जी विसरली जाते. भोकाच्या ज्या दोन टोकांकडे तुम्ही ओढताय, तिथे उणे १०० येतो. ओढतोय आपण प्लेटला आणि भोकाची ती कड दाबली जातेय! वॉन मिसेसमध्ये तिथे नुसता १०० दिसेल, लांबच्या प्लेटवर आहे तेवढाच, त्यामुळे कुणाला तिथे बघावंसंही वाटणार नाही. पॅराव्ह्यूत मॅक्स प्रिन्सिपल (त्या ठिकाणची सगळ्यात मोठी ओढ) लावा, तिथे जवळपास शून्य दिसेल, मग मिन प्रिन्सिपल (सगळ्यात मोठा दाब) लावा, तिथे उणे १०० च्या आसपास, आणि रंगाच्या पट्टीत निळा-पांढरा-लाल घेऊन दोन्हीकडची रेंज सारखी ठेवली, उणे ३०० ते अधिक ३००, की पांढरा म्हणजे शून्य, लाल म्हणजे ओढ, निळा म्हणजे दाब, एका नजरेत प्लेट वाचता येते. मी नवीन पोरांना शिकवताना हेच पहिल्यांदा करायला लावते आणि प्रत्येक वेळी त्या निळ्या डागाशी पोरं थांबतात.

हे काही पुस्तकी कौतुक नाही, कामात उपयोग होतो. एका जिनिंग मशीनच्या बेअरिंग ब्रॅकेटचं काम आलं होतं. एफजी २६० म्हणजे कास्ट आयर्नचं कास्टिंग, वर सपाट पट्टी, खाली मधोमध रिब, भिंतीसारख्या फ्रेमला बोल्टनं बसवलेलं आणि पुढच्या टोकाला बेअरिंगचा भार खाली. फील्डमध्ये काही ब्रॅकेटना चीर जात होती. आधीच्या कुणीतरी दिलेला रिपोर्ट मालकांकडे होता, वॉन मिसेसचं झकपक चित्र, त्यात रिबच्या खालच्या कडेला लाल भडक, आणि त्यावरून रिब जाड करायला कास्टिंगचा पॅटर्न (साचा) बदलायला टाकणार होते. मालक, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चित्रावर बोट ठेवून मला म्हणाले, "हाई लाल म्हंजे तठे तुटस का ताई? मंग चीर वरे काब्रं पडस?" (हे लाल म्हणजे तिथे तुटतं का ताई? मग चीर वर का पडते?)

आबांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. ब्रॅकेट खाली वाकतंय, म्हणजे वरची बाजू ओढली जाते आणि खालची दाबली जाते. अशा टी सेक्शनमध्ये न्यूट्रल ॲक्सिस, म्हणजे जिथे ना ओढ ना दाब ती रेघ, वरच्या पट्टीच्या जवळ असतो, म्हणून रिबचं खालचं टोक लांब पडतं आणि तिथे आकडा मोठा येतो, पण तो दाबाचा. कास्ट आयर्नला दाबाचं काही वाटत नाही, एफजी २६० मधला २६० हा ओढीतला किमान आकडा आहे, दाबात तोच माल साधारण तीन-चार पट घेतो. तुटणार ओढीत, म्हणजे वर, बोल्टजवळच्या फिलेटला (कोपऱ्याच्या गोलाईला), जिथे वॉन मिसेसच्या चित्रात नुसता हिरवा-पिवळा होता. त्याच रिझल्ट फाइलवर, परत काहीही न सोडवता, मॅक्स प्रिन्सिपल लावून दाखवला आणि लाल डाग उडी मारून बरोबर वर गेला, जिथे चीर पडत होती तिथेच. आबांनी फोरमनला बोलावलं, नाना आले, त्यांनी तुटलेला तुकडा स्क्रीनला लावून बघितला. मग रिबला हात न लावता वरचा फिलेट मोठा केला आणि पट्टी थोडी जाड केली.

म्हणून मी म्हणते की भिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, पार्ट असेल आणि रिपोर्टमध्ये नुसता वॉन मिसेस असेल तर तो रिपोर्ट परत पाठवा, सही कुणाचीही असो.

मॅक्स प्रिन्सिपल काढायचा कसा तर कन्व्हर्टर चांगला असेल तर तो प्रिन्सिपल आकडे आधीच काढून देतो, नाहीतर पॅराव्ह्यूच्या नव्या आवृत्त्यांमध्ये टेन्सरचे (म्हणजे त्या सहा आकड्यांच्या संचाचे) प्रिन्सिपल काढायचे आणि यील्ड क्रायटेरियाचे तयार फिल्टर आलेत, आणि तेही नको असेल तर पायथन कॅल्क्युलेटरमध्ये आयगेनव्हॅल्यूचं फंक्शन आहे, फक्त त्याला तीन बाय तीनचा पूर्ण टेन्सर लागतो, सहाचे नऊ करून द्यावे लागतात.

आता टेन्सर ग्लिफ. प्रत्येक नोडवर एक लंबगोल बसवतो हा फिल्टर, लंबगोलाचे तीन अक्ष म्हणजे तीन प्रिन्सिपल दिशा, लांबी म्हणजे तिथला आकडा. दिसायला फार सुंदर, प्रेझेंटेशनमध्ये सगळे वा वा करतात, पण कामाला मला तो तितका नाही पटला. एक तर सगळ्या नोडवर लावला तर मशीन रडतं आणि स्क्रीनवर नुसती गर्दी, त्यामुळे आधी स्लाइस करून मोजकेच पॉइंट घ्यावे लागतात. दुसरं, लंबगोलात ओढ आणि दाब सारखेच दिसतात, म्हणजे वॉन मिसेसची जी खोड तीच इथे परत आली. त्यापेक्षा मी साधा ग्लिफ फिल्टर घेते, प्रकार लाइन, बाणाचं टोक नसलेली नुसती रेघ, पहिल्या प्रिन्सिपलच्या दिशेनं, आणि रंग त्याच्या आकड्याचा. रेघा बघून पार्टमधून जोर कसा वाहत जातोय ते दिसतं, भोकाजवळ रेघा कशा वळसा घेतात ते तर बघण्यासारखं आहे. आणि चीर साधारण त्या रेघेला काटकोनात जाते, म्हणजे तुटलेल्या पार्टशी ताडून बघायला हे सगळ्यात पक्कं.

काही जण स्ट्रीम ट्रेसरनं सलग रेषा काढायला जातात, त्यात एक अडचण आहे ती आधीच सांगते. प्रिन्सिपल दिशेला पुढे-मागे असं काही नसतं, एका नोडवर ती उत्तरेकडे लिहिली जाते आणि शेजारच्या नोडवर तीच दक्षिणेकडे, दोन्ही बरोबर, पण स्ट्रीम ट्रेसर मधली सरासरी घेतो आणि रेषा मध्येच भरकटते. रेषा सुंदर आल्या तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

यापेक्षा गंभीर एक गोष्ट आहे आणि ती कुठेच ठळकपणे लिहिलेली दिसत नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. सहा आकड्यांचा क्रम. व्हीटीके म्हणजे पॅराव्ह्यू क्रम धरतं एक्सएक्स, वायवाय, झेडझेड, एक्सवाय, वायझेड, एक्सझेड. कॅल्क्युलिक्सची एफआरडी फाइलही त्याच क्रमानं लिहिते, त्यामुळे तिथे काही होत नाही. पण अबॅकस या दुसऱ्या सॉल्व्हरचा क्रम शेवटच्या दोनमध्ये वेगळा आहे, आधी १३ मग २३, म्हणजे आधी एक्सझेड मग वायझेड. अबॅकसमधून कुणी टेक्स्ट फाइल काढून दिली आणि ती जशीच्या तशी पॅराव्ह्यूत घातली तर दोन शिअर अदलाबदल होतात. आणि यातली वाईट गोष्ट म्हणजे वॉन मिसेसमध्ये तिन्ही शिअरचे वर्ग नुसते बेरजेत येतात, म्हणून अदलाबदल झाली तरी वॉन मिसेस अगदी बरोबर येतो! माणूस तोच ताडून बघतो, जुळला म्हणून खूश होतो, आणि प्रिन्सिपल आकडे आणि दिशा मात्र चुकलेल्या असतात. म्हणून बाहेरून आलेला डेटा असेल तर वॉन मिसेस जुळला यावर थांबू नका, एकाच प्लेनमध्ये शिअर असलेला छोटा ठोकळा सोडवून कुठल्या कप्प्यात आकडा पडतो ते बघा. काही फाइलींमध्ये तर कप्प्यांना नावंही नसतात, नुसतं ० ते ५ नाहीतर ० ते ८ दिसतं, तेव्हा तर हे करायलाच पाहिजे.

दुसरी अशीच बारीक पण महत्त्वाची गोष्ट, आधी कापायचं का आधी वॉन मिसेस काढायचा. समजा पातळ पट्टी वाकतेय आणि जाडीत एकच साधा एलिमेंट आहे, वरच्या नोडवर अधिक १००, खालच्या नोडवर उणे १००. मधोमध खरं तर शून्य यायला पाहिजे. तुम्ही आधी वॉन मिसेस काढला तर वर १००, खाली १००, आणि मग स्लाइस केली की पॅराव्ह्यू दोघांच्या मधला आकडा घेणार, म्हणजे मधोमधही १००. उलट आधी स्लाइस करून मग त्या कापावर कॅल्क्युलेटरनं वॉन मिसेस काढला तर अधिक-उणे आधी कटतात आणि शून्य येतं. दोन्ही चित्रं दिसायला तितकीच छान, पण एक चुकीचं. आधी कापा, मग काढा. पॅराव्ह्यूचा मोठेपणा असा की तुम्हाला हा क्रम निवडता येतो, बऱ्याच पॅकेजमध्ये आत काय होतं तेच कळत नाही.

याच्याही मागे जायचं तर एफईएमध्ये स्ट्रेस खरा काढला जातो तो एलिमेंटच्या आतल्या गाउस पॉइंटवर (हिशोबासाठी ठरवलेल्या बिंदूंवर), नोडवरचा आकडा हा तिथून ओढून आणलेला आणि शेजारच्या एलिमेंटशी सरासरी केलेला असतो. भिडाच्या बॉडीत पितळी बुश असेल तर जिथे दोन माल भेटतात तिथे स्ट्रेसला खरी पायरी असते आणि सरासरीनं ती पुसली जाते. सॉल्व्हरनंच सरासरी करून फाइल लिहिली असेल तर पॅराव्ह्यूला ती परत वेगळी करता येत नाही, तेव्हा असल्या ठिकाणी सॉल्व्हरमध्येच दोन भागांचे रिझल्ट वेगळे काढा.

रंगांबद्दल माझं मत जरा कडक आहे. इंद्रधनुष्याची पट्टी, निळा-हिरवा-पिवळा-लाल, ही बंद झाली पाहिजे. पिवळ्याच्या पट्ट्यात डोळ्याला रेघ दिसते जिथे आकड्यात काही रेघ नसते. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे रिपोर्टची झेरॉक्स. पार्टी कलर पीडीएफ बघते, पण वर्कशॉपमध्ये भिंतीला चिकटवलेला असतो तो ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट, त्यात इंद्रधनुष्याचा लाल आणि निळा दोन्ही सारखेच काळे होतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी एकाच रंगात! व्हिरिडिस घ्या, ती २०१७ पासून मॅटप्लॉटलिबची डिफॉल्ट पट्टी आहे, पॅराव्ह्यूत तयार मिळते, काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्येही गडद म्हणजे कमी आणि फिकट म्हणजे जास्त हे राहतं. वॉन मिसेसला व्हिरिडिस आणि प्रिन्सिपलला निळा-पांढरा-लाल, हे मी ठरवूनच टाकलंय. रंग २५६ पायऱ्यांत येतात, ते १० करा म्हणजे पट्टे स्पष्ट दिसतात आणि मालकांना पट्टीवर बोट ठेवून आकडा वाचता येतो.

रेंज मात्र हातानं द्या. फाइल उघडली की पॅराव्ह्यू सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत रंग ताणतं, आणि आतल्या धारदार कोपऱ्यावर एखादा नोड ९०० दाखवत असेल तर बाकी सगळा पार्ट एकाच गडद रंगात बुडतो, काहीच दिसत नाही. असा कोपरा म्हणजे सिंग्युलॅरिटी, मेश बारीक करत जाल तसा तो आकडा वाढतच जाणार, कधी थांबणार नाही. पॅराव्ह्यू तुम्हाला यात सावध करणार नाही, ते आकडे दाखवायचं काम करतं. मी प्लॉट ओव्हर लाइननं कोपऱ्यापासून आत एक रेघ टाकते, दोन-तीन मेशचे ग्राफ एकावर एक ठेवते, जिथे तिन्ही जुळतात तिथून पुढचा आकडा खरा.

तक्रारी आहेतच. पॅराव्ह्यूला युनिट कळत नाहीत, तुम्ही मिलिमीटर-न्यूटनमध्ये काम केलं तर आकडा मेगापास्कल, मीटरमध्ये केलं तर पास्कल, पट्टीवर युनिट आपणच टाइप करायचं. वार्प बाय व्हेक्टरमध्ये स्केल फॅक्टर १ म्हणजे खरं वाकणं, पण ते डोळ्याला दिसत नाही म्हणून लोक मोठा आकडा टाकतात आणि रिपोर्टमध्ये लिहीत नाहीत, मग मालकाला वाटतं आपली फ्रेम केळीच्या पानासारखी वाकली, तर किती पट दाखवलंय ते चित्रावरच लिहा. क्वाड्रॅटिक (कडेच्या मध्येही नोड असलेल्या) एलिमेंटच्या गोल कडा खडबडीत दिसतात, त्यासाठी नॉनलिनियर सबडिव्हिजन लेव्हल वाढवावी लागते, मोठ्या मॉडेलला मशीन हळू होतं. मराठीत शिकायला काही नाही, इंग्रजी मॅन्युअल चांगलं आहे पण पोरांना ते जड जातं.

आणि रॅम. प्रत्येक फिल्टर आपलं आउटपुट धरून बसतो, पाइपलाइन लांबली की ८ जीबीचं लॅपटॉप गुदमरतं, १६ घ्या. उन्हाळ्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि एमआयडीसीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून दर थोड्या वेळानं सेव्ह स्टेट करा. स्टेट फाइलमध्ये डेटा नसतो, नुसती कृती असते, कुठला फिल्टर, कुठे काप, कुठले रंग, कुठून बघायचं. आणि हेच मला या सॉफ्टवेअरचं सगळ्यात कामाचं वाटतं, कारण डिझाइन बदललं, नवी फाइल आली, की तीच स्टेट नव्या फाइलवर उघडायची, सगळी चित्रं त्याच कॅमेऱ्यातून, त्याच रेंजमध्ये, जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवता येतं. जास्त व्हेरिएंट असतील तर टूल्समध्ये स्टार्ट ट्रेस दाबून एकदा हातानं करा, तो पायथन स्क्रिप्ट लिहून देतो, रात्री लावून ठेवा, सकाळी सगळी चित्रं तयार.

ज्याला वर्षातून एखादं साधं स्टीलचं ब्रॅकेट तपासायचंय त्यानं प्रीपोमॅक्सवरच भागवावं, पॅराव्ह्यूत वेळ घालवू नये. पण कास्टिंग असेल, वेल्डजवळ थकवा बघायचा असेल, प्लास्टिकचा पार्ट असेल, किंवा तुटलेला तुकडा टेबलावर आहे आणि का तुटला ते शोधायचंय, तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो टेन्सर ग्लिफ आणि त्या न सांगितलेल्या क्रमासाठी. कॉलेजच्या पोरांनी प्रोजेक्टला घेताना आधी ती भोकाची प्लेट करा, ३०० आणि उणे १०० दोन्ही सापडले की मग गाइडकडे जा, आणि रिपोर्टमध्ये चित्राखाली एवढं लिहा: कुठला स्ट्रेस, रेंज किती ते किती, वाकणं किती पट, नोडवर सरासरी केलेलं का नाही.